थिजलेले आकडे हलवा : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

विषय : राज्याची वाढ, सरकारने घेतलेले कर, दिलेले लाभ आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या उत्पन्नमर्यादा

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात राज्याची आर्थिक पाहणी तुमच्या हाती येते आणि तिच्या पाठोपाठ अर्थसंकल्प. पाहणीत दरडोई उत्पन्न वाढलेले असते. २०२४-२५ साठी ते तीन लाख रुपयांच्या वर जाईल असा अंदाज होता. अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरात पोचला आहे. एवढ्या मोठ्या राज्यात हे वाढलेले उत्पन्न कोणाच्या घरात गेले, त्यातून सरकारने कोणाकडून किती घेतले आणि कोणाच्या पदरात किती घातले, हा हिशेब मात्र या दोन्ही पुस्तकांत कुठेच एकत्र मांडलेला नसतो.

हे पत्र त्या हिशेबाबद्दल आहे. त्यातही काही ठरावीक आकड्यांबद्दल आहे, जे कायद्यांत आणि शासन निर्णयांत कधीतरी लिहिले गेले आणि मग तिथेच थिजून राहिले. २,५०० रुपये. २१,००० रुपये. ४४,००० रुपये. राज्य वाढत गेले, भाव वाढत गेले, हे आकडे हलले नाहीत. विषमता कमी करायची सरकारकडे दोनच मोठी हत्यारे असतात, घेणे आणि देणे. ती दोन्ही या आकड्यांनी बोथट केली आहेत, असे माझे म्हणणे आहे.

मी तालुक्याच्या गावी कर सल्लागाराचे काम करतो. व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रे, पगारदारांची प्राप्तिकराची कामे, पीटीची म्हणजे व्यवसाय कराची चलने हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्याच टेबलासमोर वाड्यावस्त्यांवरची माणसे श्रावणबाळचे, संजय गांधी निराधारचे, रेशनकार्डाचे अर्ज भरून घ्यायला बसतात. सरकार घेते ते कागद आणि सरकार देते ते कागद, दोन्ही मला एकाच दिवशी पाहायला मिळतात. म्हणून हे लिहिण्याचा अधिकार आहे असे समजतो.

आधी वाढ होऊ द्या, वाटप आपसूक होईल, हा युक्तिवाद आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे. त्यामागे अर्थशास्त्राचा आधारही दिला जातो. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली असे मांडले की देश शेतीकडून कारखानदारीकडे वळू लागला की विषमता आधी चढते आणि पुढे उतरते. पुढच्या अनेकांनी त्यातले 'उतरते' तेवढे पाठ केले. पण युरोपात ती उतरली त्या काळात चढत्या दराचा प्राप्तिकर, वारसा कर, म्हातारपणीचे निवृत्तिवेतन, सरकारी शाळा आणि दवाखाने हे सगळे उभे राहत होते. आजही आयर्लंडचे उदाहरण घ्या. तिथे बाजारातून येणाऱ्या कमाईतली विषमता युरोपातल्या सर्वांत जास्त देशांत मोडते. कर कापून आणि लाभ मिळवून हातात पडणारे उत्पन्न पाहिले, तर तोच देश युरोपच्या सरासरीजवळ येऊन बसतो. वाढ तीच, कंपन्या त्याच, माणसेही तीच. फरक पडतो तो सरकारने मध्ये काय केले त्याने.

आपल्याकडचे चित्र काय आहे? थॉमस पिकेटी, लुकास चान्सेल आणि त्यांच्या दोन भारतीय सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ साली देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नापैकी २२.६ टक्के आणि संपत्तीपैकी ४०.१ टक्के हिस्सा होता. उलट बाजूने, जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जागतिक बँकेचा २५.५ हा गिनी निर्देशांक (विषमतेचे माप, जितका कमी तितकी समानता जास्त) दाखवून भारत जगातल्या सर्वांत समान देशांत चौथा असल्याचे सांगितले. दोन्ही आकडे तुमच्यापैकी अनेकांनी सभागृहात वापरले असतील. त्यांतला फरक सरळ आहे. दुसरा आकडा घरोघरी विचारलेल्या खर्चावरून काढलेला आहे. गरीब माणूस कमावतो तेवढे खर्च करतो. श्रीमंत माणूस कमाईचा थोडाच भाग खर्च करतो आणि उरलेल्याचे शेअर, जमिनी आणि फ्लॅट होतात. शिवाय मलबार हिलच्या बंगल्यात पाहणी करणाऱ्याला कोण तासभर बसवून घेतो? खर्चातली विषमता कमी दिसली म्हणून उत्पन्नातली कमी ठरत नाही.

त्याच खर्च पाहणीच्या पुढच्या फेरीत तुमच्या कामाचा एक आकडा दडलेला आहे. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये निघाला. रेशनचे मोफत धान्य आणि योजनांतून फुकट मिळालेल्या इतर वस्तू यांची किंमत धरली तेव्हा तो ४,२४७ झाला. फरक १२५ रुपये. यात सरकारी शाळा-दवाखाने धरलेले नाहीत, खात्यात थेट जमा होणारे पैसेही वेगळे काढलेले नाहीत, हे मान्य. तरी ज्या फुकट वाटपावर देशभर एवढा गदारोळ चालतो, त्याची किंमत माणशी महिन्याला सव्वाशे रुपये निघते, हे 'फुकटे' म्हणून बोटे मोडणाऱ्यांनी एकदा कागदावर लिहून पाहावे.

आता आपल्या घरच्या आकड्यांकडे येतो. पहिला २,५०० रुपयांचा. याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून गावोगाव आहेत. खडी फोडणारे हात, पाझर तलावांची कामे, कामावर मिळणारी सुकडी. त्या काळात रोजगार हमीची कल्पना राज्यभर आली. ती मांडणारे वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, आणि तुमच्याच वरच्या सभागृहाचे सभापती. मागेल त्याला काम, हा हक्क १९७७ च्या कायद्याने दिला गेला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाला मनरेगा मिळाली त्याच्या पाव शतक आधी.

पण हक्क दिला तर पैसा कुठून आणायचा? हे उत्तर त्या पिढीने शोधले, आणि मला ते हक्काइतकेच मोठे वाटते. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबई-पुण्यातला पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा आणि तो रोजगार हमीच्या निधीत घालायचा. जोडीला वाहनांवर वाढीव कर, विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनीवर खास आकारणी. या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात टाकायची. शहराच्या वाढीतला एक हिस्सा, नाव घालून आणि हिशेब ठेवून, कोरडवाहू शिवारातल्या मजुरापर्यंत पोचवणारी ही व्यवस्था होती. कर आणि लाभ यांची अशी उघड गाठ तेव्हा बांधली गेली.

त्या कराचे आज काय झाले आहे? राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये या कराला वरची मर्यादा आहे. आधी ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. त्यानंतर आजपर्यंत २,५०० च. १९८८ साली केंद्राच्या चौथ्या वेतन आयोगाप्रमाणे कनिष्ठ लिपिकाची श्रेणी ९५० रुपयांपासून सुरू होत असे. सातव्या आयोगात ती १९,९०० पासून सुरू होते. त्याच पटीने वाढली असती तर ही कमाल मर्यादा आज ५२ हजारांच्या आसपास असती.

वरची मर्यादा थिजली की खालच्याचे काय होते ते पाहा. आपल्या राज्यात पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की १७५ रुपये पीटी कापला जातो. १०,००० च्या वर गेला की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. संपले. त्यापुढे पगार कितीही वाढो, कर तेवढाच. ठाण्याच्या एखाद्या गृहसंकुलाच्या गेटवर बारा तास उभा राहणारा परभणीचा पोरगा १४,००० रुपये कमावतो. त्याच्याकडून वर्षाला २,५०० रुपये जातात, म्हणजे कमाईच्या दीड टक्का. तो ज्यांच्या गाडीला सलाम करतो त्या गृहस्थांचा पगार महिना दहा लाख असेल, तर त्यांच्याकडूनही २,५०० च जातात. शेकडा दोन पैसे. स्वतःच्या धंद्यासाठी नोंदणी केलेल्या माझ्या एका किराणा दुकानदाराला वर्षाला २,५०० भरावे लागतात आणि एखादी अवाढव्य कंपनीही स्वतःच्या नावे तेवढेच भरते. ज्या दुष्काळी जिल्ह्यांसाठी हा कर बसवला, तिथूनच शहरात पोट भरायला आलेल्या पोराच्या पगारातून तो सर्वांत जड हाताने वसूल होतो आहे.

एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना यातून सूट मिळाली. ती तुम्ही दिली, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्याकडे येणाऱ्या अंगणवाडी आणि खासगी शाळांतल्या बायकांना महिन्याचे दोनशे रुपये वाचले म्हणजे काय वाचले ते मी ऐकतो. पण यातून हेही सिद्ध झाले की खालची मर्यादा हलवायला कोणतीही घटनादुरुस्ती लागत नाही. मग तेवढाच पगार असलेल्या सुरक्षारक्षकाला, हमालाला, डिलिव्हरीच्या गोदामातल्या मुलाला ती का नाही?

आता देण्याच्या बाजूचे आकडे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांत दरमहा १,५०० रुपये मिळतात. २०२३ मध्ये ते १,००० वरून वाढले, चांगले झाले. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. दिव्यांगांची रक्कम आणि मर्यादा वेगळी आहे. विधवा, परित्यक्ता आणि म्हाताऱ्या माणसांना हीच. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०.

हा आकडा सरकारच्याच दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला रोजगार हमीचा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये आहे. या दराने एखाद्या विधवेने वर्षात ६८ दिवस काम केले की तिचे उत्पन्न २१,००० ओलांडते आणि ती निराधार उरत नाही. राज्याचा कायदा तिला वर्षभर काम मागण्याचा हक्क देतो. राज्याची योजना तिला दोन-सव्वादोन महिन्यांवर काम केल्यास अपात्र ठरवते.

प्रत्यक्षात काय होते ते मी दर आठवड्याला पाहतो. बाई पिशवीतून कागद काढते. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. रहिवासी दाखला, आधार, पासबुकाची झेरॉक्स, रेशनकार्ड. उरतो उत्पन्नाचा दाखला. "किती लिहायचं?" असे मी विचारायच्या आधीच ती म्हणते, "एकवीसच्या आत लिवा." तिला तो आकडा पाठ असतो. खुरपणीला जाते, कापूस वेचायला जाते, सोयाबीनच्या दिवसांत रोज जाते हे तिला ठाऊक, मला ठाऊक, दाखल्यासाठी अहवाल देणाऱ्या तलाठ्यालाही ठाऊक. तरी कागदावर २१,००० च्या आतला आकडा येतो, कारण खरा लिहिला तर तिची चूल अडते. वाळलेल्या हातांच्या म्हाताऱ्या बाईला तिच्या हक्काच्या पन्नास रुपये रोजासाठी सरकारी कागदावर खोटे लिहायला लावणारी ही मर्यादा आहे. आणि खोटे लिहिले म्हणून उद्या कोणी तपासणीत तिचा अर्ज बाद केला, तर चूक तिचीच ठरणार. ज्या बाया घाबरतात किंवा प्रामाणिकपणे खरा आकडा सांगतात, त्या परत जातात. मला त्यांचा चेहरा बघवत नाही.

रेशनचेही तेच. अन्न सुरक्षा कायदा लागू झाला तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० अशी वार्षिक मर्यादा आपल्या राज्याने ठरवली. आजही तीच आहे. ३१२ च्या दराने कुटुंबाला १४२ दिवस काम मिळाले की ४४,००० मागे पडतात. शिधापत्रिकांचे पिवळा, केशरी, पांढरा हे रंग १ मे १९९९ पासूनचे. पिवळ्यासाठी १५,०००, केशरीसाठी एक लाख हे आकडेही तेव्हाचेच. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागांतले सगळे जिल्हे आणि वर्धा, अशा चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना माणशी पाच किलो धान्य मिळायचे. २०२३ पासून त्याऐवजी माणशी १५० रुपये खात्यात देणे सुरू झाले, पुढच्या वर्षी ते १७० झाले. गहू-तांदळाचा भाव वाढला तर पाच किलो हे पाच किलोच राहतात. रुपये मात्र दर वर्षी थोडे थोडे कमी धान्य आणतात. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला २०० रुपयांचा हिस्सा तर ऐंशीच्या आतल्या माणसांसाठी २००७ च्या सुमारापासून तसाच आहे.

आकडे हलवणे अवघड असते असे मात्र नाही. प्राप्तिकराची मर्यादा २०१४ मध्ये अडीच लाख होती. सवलती धरून २०१९ मध्ये पाच लाखांपर्यंत, २०२३ मध्ये सात लाखांपर्यंत आणि २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंत कर शून्यावर आला. माझ्या पगारदार अशिलांना त्याचा फायदा झाला, मलाही झाला. २० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला, वारसा संपत्तीवरचा कर तर १९८५ मध्येच गेला. २०२३ मध्ये नव्या करप्रणालीत सर्वांत श्रीमंतांवरचा अधिभार ३७ वरून २५ टक्के झाला. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै अशी वर्षातून दोनदा उजळणी घेतो, निर्देशांक पाहून, कोणाला मोर्चा न काढता. हे निर्णय बहुतेक दिल्लीतले आहेत हे मला समजते. पण बारा वर्षांत वरच्यांचे आकडे इतके हलले आणि २१,००० चा आकडा तहसील कार्यालयाच्या भिंतीवर तसाच लटकत राहिला, याचे उत्तर मुंबईतच द्यावे लागेल.

कर भरणारे मूठभर आणि खाणारे सगळे, हे वाक्य शहरातल्या बैठकांत फार ऐकू येते. तुमच्याही कानावर पडत असेल. ते खरे नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा हाच हिशेब मांडला होता : सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणखर्चाचा फायदा वरच्या वर्गांना मिळतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मिठाच्या करावर बोट ठेवले, कारण गरिबाला मीठ टाळता येत नाही. पुढच्याच वर्षी मणामागचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. मिठाची जागा आज साबण, औषध, मोबाइलचा रिचार्ज, डिझेल यांनी घेतली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, केसांचे तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, हा चांगला निर्णय होता. तरी रिचार्जवर १८ टक्के आहेतच. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के आहेतच, आणि कापूस पिकवणारा शेतकरी जीएसटीत नोंदलेला नसल्याने भरलेला कर त्याला कुठेही वळता करून मिळत नाही. व्यापाऱ्याला मिळतो; मीच तो हिशेब करून देतो. तेव्हा अर्ज घेऊन येणारी ती बाई माझ्या टेबलावर येईपर्यंत करदाती झालेलीच असते.

यातून एक धोका उभा राहतो, ज्याचा ब्राझीलने पुरेपूर अनुभव घेतला. २००३ पासूनच्या तिथल्या 'बोल्सा फामिलिया' या रोख मदतीने देशाच्या उत्पन्नाच्या जेमतेम अर्ध्या टक्क्यात पाव लोकसंख्येपर्यंत पोचून दाखवले, जगाने कौतुक केले. पण वस्तूंवरचे अप्रत्यक्ष कर इतके जड होते की उजव्या हाताने दिलेल्यातले बरेचसे डाव्या हाताने परत घेतले जात होते. शेवटी डिसेंबर २०२३ च्या करसुधारणेत गरीब कुटुंबांना खरेदीवरचा काही कर परत देण्याची तरतूद त्यांना घटनेत करावी लागली. निव्वळ हिशेब पाहिल्याशिवाय कोणाला मदत झाली हे कळत नाही, एवढाच माझा मुद्दा.

'लाडकी बहीण'बद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये, अडीच लाखांपर्यंत कुटुंबउत्पन्न असलेल्या २१ ते ६५ वयाच्या बायकांना. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ३६,००० कोटी. या योजनेवर टीका करणाऱ्यांत मी नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात स्वतःसाठी पैसे आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. माझी अडचण वेगळी आहे. ६४ वर्षांच्या बाईला अडीच लाखांची मर्यादा चालते आणि तीच बाई ६६ ची झाली, हात चालेनासे झाले की श्रावणबाळसाठी तिला २१,००० ची मर्यादा लागते. वय वाढल्यावर माणूस अधिक सधन होतो असे सरकारला वाटते काय? दुसरे, हे १,५०० रुपयेही महागाईशी बांधलेले नाहीत, म्हणजे तेही थिजण्याच्या वाटेवर आहेत. आणि तिसरे, राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्पच सुमारे ४६ हजार कोटींची महसुली तूट दाखवतो. वरून घेण्याची बाजू न वाढवता देण्याची बाजू वाढवली, तर कात्री आश्रमशाळांवर, प्राथमिक आरोग्य केंद्रांवर, शिष्यवृत्त्यांवर चालते. गरिबाच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्याने विषमता तसूभरही कमी होत नाही.

त्यातच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १०० चे १२५ झाले. पण पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र देत असे, आता आपल्यासारख्या राज्याला ४० टक्के उचलायचे आहेत. ज्या राज्याने रोजगार हमी स्वतःच्या करातून उभी केली, त्याला आता पुन्हा स्वतःच्या निधीची गरज पडणार आहे. पागे यांच्या पिढीने त्यासाठीच कर बसवला होता.

माझ्या मागण्या अशा आहेत. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळची २१,००० ची मर्यादा या अधिवेशनात बदला. ती लाडक्या बहिणीच्या मर्यादेइतकी करणे मला न्याय्य वाटते, तेवढे शक्य नसेल तर किमान वर्षभराच्या रोजगार हमीच्या मजुरीइतकी तरी करा. शिधापत्रिकेच्या मर्यादाही त्याच मापाने लावा. केंद्राने ठरवून दिलेला लाभार्थ्यांचा कोटा आड येतो हे मला ठाऊक आहे, पण कोट्याच्या वरच्यांसाठी राज्याने काय करायचे यावर निदान चर्चा तरी होऊ द्या. आणि या सगळ्या रकमा नि मर्यादा महागाई भत्त्याच्या निर्देशांकाला कायद्याने जोडा, म्हणजे पुन्हा कोणाला असे पत्र लिहावे लागणार नाही.

व्यवसाय करात पुरुषांनाही २५,००० पर्यंत सूट द्या. त्याने महसूल घटेल. तो भरून काढायला अनुच्छेद २७६ मधली २,५०० ची मर्यादा वाढवावी आणि पुढे ती निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढावी, असा ठराव दोन्ही सभागृहांनी एकमताने करून संसदेकडे पाठवा. यात सत्ताधारी आणि विरोधक असा वाद होण्यासारखे काही नाही. प्रत्येक राज्याला त्याचा फायदाच आहे. महिना दोन-चार लाख कमावणाऱ्याने वर्षाला २५-३० हजार रोजगार हमीला दिले, तर तो महाराष्ट्र सोडून जाईल असे मला वाटत नाही. त्याचे ऑफिस, त्याच्या मुलांची शाळा, त्याची लोकल, सगळे इथेच आहे. माझे तसे अशील आहेत, आणि पैसा नेमका कुठे जातो ते दिसले तर त्यांतले बरेच जण कुरकुर न करता देतील. जमलेला प्रत्येक रुपया रोजगार हमी निधीतच गेला पाहिजे, आणि सरकारचा बरोबरीचा हिस्साही.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. राज्यातल्या कुटुंबांचे उत्पन्नाप्रमाणे दहा सारखे गट पाडा. प्रत्येक गटाने जीएसटी, इंधनावरचा व्हॅट, मद्यावरचे शुल्क, मुद्रांक शुल्क, व्यवसाय कर मिळून सरासरी किती भरले, आणि धान्य, रोख रक्कम, शाळा, दवाखाना, वीजबिलातली सवलत मिळून त्याला किती मिळाले, याचा एक तक्ता दर वर्षी आर्थिक पाहणीत छापा. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे घरोघरच्या पाहण्यांचे काम आहे, पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, जिथे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्येच देशातल्या दारिद्र्याचे मोजमाप करून दाखवले. माणसे आहेत, आकडे आहेत. येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न म्हणून हा तक्ता तुमच्यापैकी एकाने जरी मागितला, तरी सरकारला उत्तर पटलावर ठेवावे लागेल. तो प्रश्न विचारणारा सदस्य कोणत्या पक्षाचा आहे हे मी बघणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
तालुक्याच्या गावचा एक कर सल्लागार